कोकणातून बर्फ बघायला स्वतःच्या गाडीने कसे जावे

नाताळच्या सुट्टीत मनालीला गेलं की बर्फ मिळणारच, हा समज आधी सोडा. हिमालयात हिवाळी बर्फ पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं) आले की पडतो, आणि त्यांना आपल्या रजेशी देणंघेणं नसतं. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शक्यता जास्त. सलग दोन आठवडे काढा आणि वर पोचल्यावरचे तीन-चार दिवस मोकळे ठेवा. हवामान खात्याचा हिमाचलचा अंदाज निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज पाहा.

रत्नागिरी ते मनाली सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर. पनवेल, सुरत, उदयपूर, जयपूर, चंदिगड असे मुक्काम धरले तर पाच-सहा दिवस. दिल्लीत शिरू नका. हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की तिथे जुन्या गाड्यांवर, विशेषतः बीएस-४ (जुन्या प्रदूषण निकषाच्या) डिझेल गाड्यांवर, बंदी येते. जयपूरहून कोटपुतली, नारनौल आणि तिथून १५२-डी महामार्गाने अंबाला गाठा. जयपूरच्या पुढे पहाटे दाट धुकं असतं. आपल्याकडे चारला उठून निघायची सवय. तिथे नाश्ता करूनच निघा.

गाडीचं काम निघण्याआधी पंधरा दिवस उरका. इथे रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकून वर्षानुवर्षं भागतं, पण ते शून्याखाली गोठतं आणि इंजिन फोडू शकतं. पाणी पूर्ण काढून योग्य प्रमाणात कूलंट भरून घ्या. वायपरच्या टाकीतलं पाणीही काढून न गोठणारं द्रव भरा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर तपासून घ्या, थंडीत तिचा जोर कमी होतो. डिझेल गाडी असेल तर खाली मैदानात भरलेल्या टाकीवर विसंबू नका. कडक थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होतं. वर डोंगरातल्या पंपावर पुन्हा भरा. टायर गुळगुळीत झाले असतील तर हा बेतच करू नका.

कपड्यांत एक जाड जाकीट घेण्यापेक्षा पातळ थर्मल, लोकर आणि वर वारा-पाणी अडवणारा थर असं घ्या. पावसाळी गमबूट नेऊ नका, पाय गारठतात. (केसांना खोबरेल लावणाऱ्यांनी बाटली रुंद तोंडाची घ्यावी, राजस्थानातच ती घट्ट होईल.)

शेवटचा टप्पा मात्र स्वतः चालवायचा हट्ट नको. मनालीपुढे सोलंग आणि ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला बर्फ हमखास जास्त, पण बर्फवृष्टीनंतर पोलीस अनेकदा फोर बाय फोर (चारही चाकांना जोर असलेल्या) किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. अडवलं तर हुज्जत न घालता तिथली टॅक्सी करा. पैसे जातील, पण तो चालक रोज त्याच रस्त्यावर असतो. स्वतः चालवायचंच झालं तर आंबा घाट उतरताना गाडी गिअरवर उतरवता तशीच उतरवा. ब्रेक एकदम दाबला की चाक घसरलंच. सर्वांत घातक म्हणजे सावलीतल्या वळणांवरचा पारदर्शक बर्फ. तो ओल्या डांबरासारखा दिसतो.

रात्री गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, तो गोठून अडकतो. वायपर काचेपासून उचलून ठेवा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, काच तडकते. इंजिन चालू करून आतला हीटर लावा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. नऊ-दहाच्या उन्हाआधी निघू नका.