‘कधीतरी करू’ अशा कल्पनांची यादी कशी सांभाळावी

मोडी शिकावी, गावच्या घराची शाकारणी करावी, आईच्या जुन्या पाककृती उतरवून घ्याव्यात, अशा कल्पना बहुतेकांच्या मनात असतात. मात्र त्या रोजच्या कामांच्या यादीत वीजबिलाच्या शेजारी लिहिल्या, की तीच ओळ महिनोन्‌महिने न खोडता पुढच्या पानावर उतरवली जाते आणि हळूहळू संपूर्ण यादीवरचाच विश्वास उडतो. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वही किंवा मोबाइलमध्ये वेगळे पान ठेवावे. कामाच्या नियोजनाचे अमेरिकी सल्लागार डेव्हिड ॲलन यांनी २००१ साली पुस्तकातून मांडलेल्या कार्यपद्धतीतही ‘कधीतरी किंवा कदाचित’ अशी यादी चालू कामांपासून अलग ठेवलेली आहे.

नोंद करताना कल्पनेला घाईने कामाचे रूप देऊ नये. ती का सुचली, एवढे मात्र अवश्य लिहावे. ‘मोडी शिकणे’ याऐवजी ‘आजोबांच्या पेटीतले कागद वाचण्यासाठी मोडी शिकावी’ असे लिहिले असेल, तर सहा महिन्यांनी वाचताना खरी गरज कोणती होती हे ध्यानात येते. मोजक्या कागदांचाच प्रश्न असेल, तर ते मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घेणे पुरेसे ठरते आणि शिकण्याचा संकल्प निःशंकपणे खोडता येतो. लिपीचीच ओढ असेल, तर ‘मोडीचा पुढचा वर्ग कधी आहे, याची चौकशी करणे’ ही नेमकी कृती कामांच्या यादीत घ्यावी. कारण सुचत नसलेली कल्पनाही लिहून ठेवावी. शेजारी प्रश्नचिन्ह पुरे.

काही कल्पनांना हंगाम असतो. शाकारणी पावसाळ्यापूर्वीच व्हायला हवी आणि एप्रिल-मे महिन्यांत कारागीर मिळणे अवघड, त्यामुळे तिची आठवण फेब्रुवारीत व्हावी अशी सोय हवी. ॲलन यांच्या पद्धतीत यासाठी दिवसांची ३१ आणि महिन्यांची १२ अशी ४३ पाकिटे असतात; चिठ्ठी ज्या दिवशी किंवा महिन्यात आठवायला हवी त्या पाकिटात ठेवायची आणि ते पाकीट त्या वेळी उघडायचे. आज मोबाइलमधल्या दिनदर्शिकेने तेच साधते.

ही यादी दर आठवड्याच्या आढाव्यात पाहावी, असे ती पद्धत सांगते. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्याला महिन्यातून एकदा पुरेसे आहे असे मला वाटते, पण तो दिवस ठरलेला असावा, नाहीतर वहीची अडगळीची खोली होते. आढाव्यात नको झालेल्या नोंदी एका रेघेने खोडाव्यात आणि शेजारी सोडण्याचे कारण लिहावे, गिरवून त्या काळ्या करू नयेत. तीच कल्पना वर्षाने पुन्हा सुचली, तर ती आधी का सोडली होती हे वाचता आले पाहिजे. एका वेळी शक्यतो एकच कल्पना चालू कामांत आणावी, आणि महिनाभरात तिचे पाऊल पुढे पडले नाही, तर अडचण काय आली ते लिहून ती मूळ यादीत परत ठेवावी.