मार्क-२ सुरीची मूठ: चामड्याच्या चकत्या कशा बदलाव्यात

अमेरिकेच्या मरीन कोअरने (समुद्रमार्गे चढाई करणारं सैन्यदल) १९४२ च्या अखेरीस स्वीकारलेल्या मार्क-२ सुरीचं पातं ७ इंची, कार्बन स्टीलचं. त्याच्या शेपटीवर, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या अरुंद भागावर, चामड्याच्या चकत्या ओवून, दाबून टोकाला पोलादी टोपी बसवलेली. पातं टिकतं, चामडं मात्र सुकून आकसतं, फटी पडतात आणि मूठ फिरू लागते.

आधी पात्याला पुठ्ठा आणि टेप गुंडाळा. मग गार्ड (पातं आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी) धरून मूठ पिळून बघा. किंचितच हलत असेल तर उघडू नका. चामड्याचं मेणयुक्त क्रीम अगदी पातळ लावा, एक दिवस थांबा, पुन्हा लावा. नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) बुडवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो ऐकू नका. चकत्या फुगून मऊ पडतात. पाण्यात तर मुळीच भिजवू नका, शेपटी आतून गंजते.

पात्यावर हलकं तेल आणि ०००० नंबरची स्टील वूल पुरते. बफ (पॉलिश करणारं फिरतं चाक) लावलात की मूळ फिनिश आणि कंपनीचा ठसा गेला, अर्धी किंमतही गेली.

चकत्या कुजल्या असतील तरच टोपी काढा. सुरुवातीच्या सुऱ्यांत शेपटीचं टोक ठोकून पसरवलेलं असतं, नंतरच्यांत आडवी पिन असते. पिन तिच्याहून किंचित बारीक पंचने बाहेर निघते. ठोकलेलं टोक असेल तर फक्त पसरलेला कड कानशीने घासा. शेपटी आखूड झाली की टोपी पुन्हा ठोकायला धातूच उरत नाही.

चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं, ३ ते ३.५ मिमी जाड घ्या; कोल्हापुरी चपलेच्या तळाचं चालतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं नको, ते लवचिक असतं, घासल्यावर तंतू सुटतात. चकत्या चारी बाजूंनी ३ मिमी मोठ्या कापा. शेपटी ओवायच्या खाचेसाठी दोन भोकं पाडून मधला भाग रापीने काढा. शेपटी टोकाकडे निमुळती होत जाते, म्हणून प्रत्येक खाच तिच्या जागेवर मापून कापा. एकच साचा वापरला तर वरच्या चकत्या सैल राहतात आणि मूठ पुन्हा फिरते.

चकत्यांची थप्पी हव्या उंचीपेक्षा सुमारे एक दशांश जास्त चढवा, क्लॅम्पने रात्रभर दाबून ठेवा. सकाळी ढिली वाटली तर आणखी एक चकती. वापरायच्या सुरीला मंद सुकणारा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा; संग्रहातल्या सुरीला गोंद नकोच. मग टोपी बसवून पिन ठोका.

गार्ड आणि टोपीवर टेप चिकटवून मूठ आधी रास्पने (जाड दात्यांच्या कानशीने), मग ८०, १२० आणि २४० च्या सँडपेपरने घासा. तोंडाला मास्क हवाच. बेल्ट सँडर जोरात टेकवलात तर चामडं जळून काळं, टणक होतं. मुठीभोवतीच्या आडव्या खाचा शेवटी गोल कानशीने पाडा. रंग द्या, कॅनव्हासने चोळून चकाकी आणा, वर मेण.

सुरी चामडी म्यानात ठेवू नका: म्यान ओल धरतं आणि पात्यावर गंज परत येतो.