जुना स्नूपी विकत घेताय? या चुका टाळा

लेबलवर १९५८ दिसलं, की खेळणंही १९५८ सालचंच असं धरून लोक भरमसाट पैसे मोजतात. स्नूपी हा ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला कुत्रा; पीनट्सची खेळणी जमवणाऱ्यांना सर्वांत महागात पडणारी चूक हीच. तो आकडा कॉपीराइटचा असतो. पुढे कित्येक वर्षं नवनवी खेळणी निघत राहिली आणि त्यांच्यावर तेच साल छापलं गेलं. खेळणं त्याआधीचं नाही, एवढंच त्यावरून ठरतं. घोळ वाढतो तो हंगरफर्ड कंपनीमुळे. या कंपनीने १९५८ मध्ये व्हिनाइलच्या (मऊ प्लास्टिकच्या) बाहुल्या खरंच काढल्या होत्या. पण म्हणून कापडी स्नूपीवरचं १९५८ त्याच पंक्तीत बसत नाही.

मग वय ओळखायचं कसं? पात्रांवरून. चार्ल्स शुल्झ यांची ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली, पण सगळी मंडळी काही पहिल्या दिवशी आली नाहीत. गॉगल लावलेला लढाऊ वैमानिक स्नूपी १९६५ चा, काळ्या चष्म्यातला ‘जो कूल’ स्नूपी १९७१ चा. पिवळ्या पाखराला वुडस्टॉक हे नाव १९७० मध्ये मिळालं, त्यामुळे खोक्यावर ते नाव असेल तर विक्रेत्याने ‘साठच्या दशकातलं’ म्हटलेलं मुळीच ऐकू नका. बारकोड असेल तर माल १९७४ नंतरचा. आणि लेबलवर हक्कदार कंपनी म्हणून जुन्या ‘युनायटेड फीचर सिंडिकेट’ऐवजी ‘पीनट्स वर्ल्डवाइड’ हे नाव असेल, तर तो २०१० किंवा त्यानंतरचा. म्हणूनच लेबल टोचतं किंवा वाईट दिसतं म्हणून कापू नका, पुरावाच जातो.

व्हिनाइल चिकट झालं, तर ती नेहमी धूळ नसते. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य वर्षांनुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येतं. त्यावर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर डोळे-नाकाचा रंग पुसला जाईल आणि तो परत आणता येत नाही. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, एवढंच वापरा. तेही आधी तळपायावर. चिकट खेळणी एकमेकांना टेकवून किंवा प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नका.

कापडी स्नूपी वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नको: काळ्या कानांचा रंग पांढऱ्या अंगावर उतरू शकतो. आधी ओलसर पांढरा कपडा कानाला दाबून पाहा. उन्हात ठेवलं तर रंग उडतात. बोलणाऱ्या-चालणाऱ्या खेळण्यांतले सेल मात्र आजच काढा.