कॉलनीतली रात्रगस्त खरंच कामाची आहे का, कसं तपासायचं

विश्रामबाग असो नाहीतर संजयनगर, सांगलीत दोन-तीन घरफोड्या झाल्या की रहिवाशांचा ग्रुप बनतो, रात्रगस्त सुरू होते, वर्गणी निघते, कॅमेरे बसतात, बीट अंमलदार मीटिंगला येतात आणि वर्षभरानं सगळे म्हणतात चोऱ्या कमी झाल्या. पण गस्तीमुळंच झाल्या का? चोऱ्यांची लाट आपोआपही ओसरते, म्हणून गस्तीआधीच्या दोन-तीन वर्षांचे आकडे पोलीस ठाण्यातून मागा, नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मे महिना मे महिन्याशीच आणि दिवाळी दिवाळीशीच लावून बघा, सुट्टीत घरं बंद असतात. गस्त नसलेल्या शेजारच्या कॉलनीचेही आकडे घ्या. तिथं चोऱ्या वाढल्या असतील तर चोर फक्त गल्ली बदलून गेलाय.

आता मुख्य काम, घरोघर विचारणं. नुसत्या गुन्ह्यांच्या नोंदीवर जाऊ नका कारण पोलिसांवर विश्वास बसला की लोक जास्त तक्रारी देतात आणि कागदावर गुन्हे वाढलेले दिसतात, हे वाईट नाही, चांगलं लक्षण आहे! म्हणून विचारा, वर्षभरात घरात चोरी झाली का, तक्रार दिली का, नसेल तर का नाही, 112 ला फोन केल्यावर गाडी किती वेळात आली, पहाटे फिरायला जाताना बायका मंगळसूत्र काढून ठेवतात का. भाडेकरू आणि ग्रुपमध्ये नसलेली घरं सोडू नका, खरी उत्तरं बऱ्याचदा तिथंच मिळतात. हेच प्रश्न गस्त सुरू व्हायच्या आधी विचारलेले असतील तर उत्तमच.

गस्तीच्या फेऱ्या मोजून समाधान मानू नका. अमेरिकेत कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागात पोलिसांच्या गाड्यांची गस्त वाढवली, काही भागात बंद केली, तरी गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत म्हणावा असा फरक पडला नाही.

आणि एक गोष्ट कृपा करून तपासाच, गस्तीवाल्यांनी किती जणांना अडवलं आणि ते कोण होते. फेरीवाले, भटके, परप्रांतीय कामगार एवढेच निघत असतील तर गस्त चुकतेय. आपल्याच जिल्ह्यात जत तालुक्यात लवंग्याला 2022 मध्ये मुलं पळवणारे समजून चार साधूंना मारहाण झाली होती. संशय आला तर 112 लावायचा, हात लावायचा नाही, हा नियम गस्तीतल्या प्रत्येकाला माहीत आहे का ते एकेकाला वेगळं गाठून विचारा.