मणी-तारेचं लटकन तुटतं कुठे? या चुका टाळा

बाल्कनीत टांगलेलं माझं पहिलं लटकन जेमतेम तीन आठवडे टिकलं. जुन्या किल्ल्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, किनाऱ्यावर वेचलेले शिंपले आणि मध्ये निळे काचमणी, असा सगळा थाट होता. एका वादळी रात्री खळ्ळकन आवाज झाला आणि सकाळी फरशीभर मणीच मणी. वेचायला बसले तर किल्ल्या धड होत्या, शिंपलेही धड होते. उघडली होती फक्त वरची एक कडी. तेव्हापासून कोणी मोडलेलं काही दाखवायला आणलं की मी आधी सांधे बघते, नक्षी मागाहून.

तारेचा नंबर आंधळेपणाने मागणं

गेज वाढला की तार बारीक होते, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ त्यापुढे आहे. अमेरिकी व्हिडिओतली 20 गेजची तार साधारण 0.81 मिमी जाडीची. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बहुधा ब्रिटिश माप चालतं, त्यातली 20 नंबरची तार 0.91 मिमी भरते. कागदावर फरक किरकोळ, पण घरी आल्यावर एकही मणी ओवला जात नाही. म्हणून नंबर पाठ करण्यापेक्षा दोन-चार मणी पर्समध्ये टाका आणि दुकानातच ओवून बघा. माझा अंदाज असा: कडी आणि सांगाड्याला 0.8 ते 1 मिमी, मणी ओवायला 0.5, नुसतं गुंडाळायला 0.3.

बांधकामावर पडलेली बाइंडिंग वायर फुकट मिळते, म्हणून मोह होतो. पहिल्या पावसात ती गंजते आणि भिंतीवर तांबडे ओघळ सोडते. अ‍ॅल्युमिनियमची तार वळायला छान, पण वजन टांगलं की आकडा हळूहळू सरळ होतो. तांबं सगळ्यात गुणी. मात्र मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेल्या तारेवर वार्निशचा थर असतो. तो गॅसवर जाळू नका, धूर वाईट असतो. सँडपेपरने खरवडा.

एकाच जागी तीनदा वाकवणं

तार चुकीची वळली की आपण ती सरळ करतो, पुन्हा वळतो, पुन्हा सरळ करतो. तांबं दर वेळी थोडं कडक होतं आणि शेवटी कट्‌कन तुटतं. तुकडा नवीन घ्या. जाड तार वाया घालवायची नसेल, तर उघडी, वार्निश नसलेली तार चिमट्यात धरून मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा, पुन्हा मऊ होते. वर आलेला काळेपणा घालवायला देवाची भांडी घासतो तसं चिंच-मीठ पुरतं.

कडी उघडायचीही रीत असते. दोन्ही टोकं बाजूंना फाकवली तर गोल पुन्हा जमत नाही. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, अशी कडी पिळून उघडायची आणि तशीच मिटवायची. वजन पेलणाऱ्या जागी नुसता गोल ठेवू नका, तारेचं उरलेलं टोक कडीच्या खाली मानेभोवती दोन-तीन वेढे गुंडाळून घ्या. टोक दाबून बसवलंय का, हे बघायला जुनी ओढणी त्यावरून फिरवा. धागा अडकला तर कानसेची गरज आहे. घरातल्या पक्कडीचे दात तारेवर उमटतात, त्यांवर कापडी टेप गुंडाळला की झालं.

तंगूसला साधी गाठ

रुखवतातली तोरणं करणाऱ्या बायका तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, गाठ अशी मारायच्या की ती उसवायला कात्रीच लागे. आपण मारतो ती साधी गाठ नायलॉनवरून घसरते. पहिल्या अढीत दोनदा पीळ द्या, जिभेने ओली करून आवळा आणि उरलेलं टोक उलटं चार-पाच मण्यांतून ओवून मग कापा. गाठीवर झटपट चिकटणारा डिंक ओतायची सवय सोडा. धागा तिथे ताठ, ठिसूळ होतो आणि काचमण्यांवर पांढरी धूसर साय चढते.

नळीमण्यांच्या कडा धारदार असतात, त्या तंगूस हळूहळू कापतात. प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल मणी घाला. आणि ओळ गच्च भरू नका, नाहीतर तोरण लोंबत नाही, काठीसारखं ताठ उभं राहतं.

सापडेल ते ओवणं

शिंपला उचलण्याआधी आत कोणी राहतंय का ते बघा. काही शंख-शिंपल्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे वेगळाच मोठा शंख दिसला तर तो तिथेच बरा. वास जावा म्हणून शिंपले व्हिनेगर किंवा लिंबात टाकणं ही नेहमीची चूक. आम्लात शिंपलाच विरघळू लागतो. साधं पाणी रोज बदलत काही दिवस भिजवा. भोक पाडताना शिंपला ओला ठेवा आणि मास्क लावा.

गुंजा दिसायला मोहक. सोनार एकेकाळी त्यांवर सोनं तोलायचे, आठ गुंजांचा एक मासा. पण आत अ‍ॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. बी अख्खी असेपर्यंत टरफल ते अडवतं, भोक पाडलं की भुकटी बाहेर येते. लहान मूल असलेल्या घरात गुंजा नकोतच. चिंचोक्यांना कीड लागते, एवढाच त्यांचा दोष.

पडद्याच्या रॉडचा घंटानाद

जुन्या पोकळ रॉडचे तुकडे टांगून वाऱ्यावर वाजणारं लटकन करतात, आणि मग ‘ठक्‌’ एवढाच आवाज येतो. भोक अगदी टोकाला पाडलेलं असतं. नळी वाजते तेव्हा तिची टोकं आणि मधला भाग थरथरतो. टोकापासून लांबीच्या सुमारे 22.4 टक्क्यांवरची जागा जवळपास स्थिर असते. तिथे दोरा असला तर नाद दबत नाही. 30 सेंमीच्या नळीला हे भोक 6.7 सेंमीवर येतं. ठोका मात्र मध्यावर बसू द्या.

लटकन बाल्कनीत नेण्याआधी मी वरच्या कडीला रात्रभर अर्धा किलो तूरडाळीची पिशवी टांगून ठेवते, खाली गादी घालून. सकाळी कडीचं तोंड केसभर जरी उघडलेलं दिसलं, तरी तार बदलते.