थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाताय? आधी करार नीट वाचा

ऑफर लेटरवर पगाराचा आकडा मोठा असतो, पण आधी बघायची गोष्ट व्हिसा. कायदेशीर नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतात. "सध्या टुरिस्ट व्हिसावर या, कागद मागाहून करू," असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. परमिट नसताना शिकवताना पकडले गेलात, तर कारवाई तुमच्यावरही होते.

मग महिने मोजा. तिथलं शाळेचं वर्ष मे महिन्याच्या मध्यावर सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. करार दहा महिन्यांचा असेल तर सुट्टीत पगार नाही, आणि घरभाडं मात्र चालूच. माझ्या मावसबहिणीच्या करारात 'आठवड्याला २२ तास' लिहिलं होतं. ते फक्त वर्गातले तास. हजेरी सकाळी साडेसात ते दुपारी साडेचार, शिवाय काही शनिवारी शिबिर. तिने हे सही करण्याआधी विचारलं म्हणून कळलं. तुम्हीही विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या.

एजंटमार्फत जात असाल तर तो भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर (परदेशी नोकरीसाठी पाठवणाऱ्या एजंटांची नोंद इथे असते) नोंदणीकृत आहे का, ते तपासा. सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. पासपोर्ट कुणाकडेही 'जमा' ठेवू नका.

शेवटी, त्याच शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या भारतीय शिक्षकाचा नंबर मागा. पगार किती तारखेला होतो, एवढं एकच विचारलंत तरी पुष्कळ कळेल.