सुईची भोकं आणि फुलांची दरी

मी कोल्हापूरच्या शाहूपुरीत ब्लाउज शिवते. एकवीस वर्षं झाली. माप देता देता बायका विचारतात, "ताई, तुम्ही त्या फुलांच्या दरीत जाऊन आलाय न्हवं, आम्हाला पण जायचंय, काय काय न्यायचं?" तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या असतात. उत्तर देता येत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

दरी म्हणजे उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, चमोली जिल्ह्यात. १ जूनला उघडते, ३१ ऑक्टोबरला बंद होते. जूनमध्ये तिथं बर्फच बघायला मिळतो. फुलं खरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत, म्हणजे ऐन पावसात. पाऊस चुकवून फुलं बघायची सोय देवानंच ठेवलेली नाही. त्यामुळं सगळी तयारी एकाच गोष्टीची करायची : कोरडं कसं राहायचं. आणि ते शिकायला हिमालय कशाला पाहिजे, पन्हाळ्यापलीकडं मसाई पठार आहे की.

जुलैत एक दिवस काढा. एस.टी.नं पन्हाळा, पुसाटी बुरुजाकडून खाली उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर चढायचं. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज निघाले ते याच अंगानं, विशाळगडाकडं. त्या तारखांना इथं पदभ्रमंतीच्या पोरांची गर्दी असते, तेव्हा मधला वार धरा. पाठीवर तीच सॅक, पायात तेच बूट, अंगावर तोच रेनकोट, जो तिकडं नेणार आहात. "नवा आहे, तिकडं गेल्यावरच घडी मोडू" असं म्हणणाऱ्याला मी सांगते, मग तिकीट रद्द करा. धुकं उतरलं तर पठारावर दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी वाट सोडून फुलांच्या मागं जायचं नाही, थांबायचं. ही सवय पुढं कामी येते.

आता माझा शहाणपणा सांगते. पहिल्या वर्षी नव्या रेनकोटला आतून खिसा नव्हता. मी शिंपीण, मला ते बघवेना. छातीशी वीतभर खिसा शिवला, तिन्ही बाजूंनी दुहेरी टीप. झाक बसला होता. पैसे, आधारकार्ड सगळं त्यात. पठार ओलांडेपर्यंत नोटा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि छातीपाशी सगळं ओलंचिंब. बाकीचा कोट ठणठणीत. एका वाडीत सोप्याला टेकलो. घरातले आजोबा म्हशी वळवून आले, अंगावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ. एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली. डोकं कोरडं, खांदे कोरडे. त्यांनी माझ्या कोटाचा काठ बोटांत धरून बघितला आणि म्हणाले, "लई शिवलाय ओ ह्येला."

मला तिथंच उजेड पडला. एक इंच टीप म्हणजे दहा-बारा टाके, म्हणजे दहा-बारा भोकं. दोरा ते भोक पुरतं बुजवत नाही. उलट वातीसारखं पाणी आत ओढतो. चांगल्या रेनकोटाच्या शिवणीवर आतून चिकटपट्टी बसवलेली असते ती त्यासाठीच. मी खिसा शिवला आणि पट्टी नसलेली पाच-सहाशे भोकं स्वतःच्या हातानं छातीवर पाडली.

तर घरी हे करायचं. रेनकोट उलटा न करता, बाहेरची बाजू वर ठेवून खांद्याच्या शिवणीपाशी खोलगट वाटी करायची, तीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा. दहा मिनिटं चहा प्या. कागदावर ठिपके पडले तर शिवण गळते. असंच दोन्ही खांदे, टोपी जोडलेली जागा आणि चेनच्या कडेला. गळणाऱ्या शिवणीवर आतून लावायची पट्टी मिळते. वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री दाबली की ती चिकटते. इस्त्री फिरवायची नाही, दाबायची आणि उचलायची. थेट इस्त्री लावाल तर कोट तव्यावरच्या पापडासारखा आक्रसेल. आधी आतल्या कोपऱ्यात टिचभर जागेवर करून बघा. आणि खिसा हवाच असेल तर कुडत्याला आतून शिवा. मी आता पैसे, ओळखपत्र चेनच्या प्लास्टिक पिशवीत घालून तसल्या खिशात ठेवते. आमच्या आज्ज्या बटवा पोलक्यात खोचायच्या, त्या येड्या नव्हत्या.

कपड्यांचं थोडक्यात. सुती काही नको. सुती कापड भिजलं की जड होतं, अंगाला चिकटतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. जीन्स तर चार दिवस वाळत नाही. पातळ सिंथेटिक कुडता-लेगिंग, वर लोकरीचं काहीतरी. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. कोल्हापूरचा पाऊस आणि तिकडचा पाऊस यात हाच फरक आहे. मसाईवर भिजलं तर माणूस भजी मागतं. तिकडं दहा हजार फुटांवर भिजून तासभर बसलं तर दात वाजायला लागतात, बोलणं अडखळतं, आणि ते हसण्यावारी न्यायचं नसतं. तिथल्या तिथं ओलं काढून कोरडं घालायचं. मोज्यांचा एक जोड फक्त झोपायचा. तो बुटात कधी घालायचा नाही, बाकी सगळे भिजले तरी नाही. माझ्या भाचीनं तिसऱ्या दिवशी, "आत्या, आजच्या दिवस घालते की," म्हणून तो बाहेर काढला आणि ती रात्र माझ्या मफलरीत पाय गुंडाळून काढली. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, झोपताना एकदा बदलायचे. कोल्हापुरी चप्पल घरीच ठेवा. कातडं पाणी पितं.

तंबूचा प्रश्न सगळ्यांना असतो. दरीच्या आत मुक्काम करता येत नाही, ते राष्ट्रीय उद्यान आहे. राहायचं दरीच्या अलीकडच्या घांगरिया गावात, तिथं लॉज आहेत, गुरुद्वारा आहे आणि भाड्याचे तंबूही मिळतात. पहिल्या वेळी मी माझा तंबू वाहून नेला, दुसऱ्या वेळी भाड्यानं घेतला. आता विचाराल तर भाड्यानंच घ्या, पण आधी आत शिरून वर बघा : शिवणीवर पट्टी आहे का, कोपऱ्यात ओल आहे का. जागा उताराची घ्या, पण पाण्याच्या वाटेवरची नको. गवत एकाच दिशेला आडवं झालेलं दिसलं की समजायचं, पाणी इथून जातं. आतलं कापड आणि बाहेरचं कापड एकमेकांना चिकटू द्यायचं नाही, ताण नीट द्यायचा. आणि वरची जाळी उघडी ठेवायची. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की सकाळी आतून थेंब लोंबतात आणि माणसं तंबूवाल्याशी भांडतात. तो तंबू गळलेला नसतो, आपलाच रात्रभराचा श्वास असतो. याचीही तालीम करायची तर घरच्या गच्चीवर करा. मसाई पठारावर तंबू ठोकू नका. जांभ्यात खुंटी शिरत नाही, वीज पडायची भीती, आणि जिथं माती चार बोटं आहे तिथंच सगळी फुलं आहेत.

निघायच्या आधी दोन नद्या बघायच्या. तिकडची अलकनंदा बातम्यांत, आणि आपली पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला होता. बंधाऱ्याची पातळी ३५ च्या वर चढायला लागली की मी सामान घेऊन मिरजेच्या पाहुण्यांकडं जाऊन बसते. कोल्हापुरातून दिल्लीच्या निजामुद्दीनला थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते. ती चुकली तर सगळा बेत आठवडाभर पुढं.

दिल्लीहून ऋषिकेश, ऋषिकेशहून पहाटे निघून जोशीमठ. अंतर अडीचशे किलोमीटर, पण अख्खा दिवस जातो. रात्री त्या रस्त्यावर गाड्या सोडत नाहीत, बरंच आहे. दरडी पडतात. करूळ घाट ज्यानं पावसाळ्यात बघितलाय त्याला नवल वाटायचं नाही, पण तिकडं दरड म्हणजे घराएवढे धोंडे. पिपळकोटीच्या पुढं एका ओढ्याचं नावच पागल नाला आहे. म्हणून जाताना एक आणि येताना एक दिवस रिकामा धरा. हे दोन दिवस न धरता परतीचं तिकीट काढणारे दरीत फुलं बघत नाहीत, मोबाइल बघतात. घांगरियाच्या वर शिखांचं हेमकुंड साहिब आहे, तळ्याकाठचा गुरुद्वारा, तिथंही जायचं असेल तर चारधामसारखी ऑनलाइन नोंदणी आधीच करून कागद जवळ ठेवा. रोख पैसेही.

जोशीमठहून गोविंदघाट, तिथून जीपनं पुलना, आणि पुलन्यापासून घांगरिया सुमारे दहा किलोमीटरची चढण. फरसबंद वाट आहे, शेजारून लक्ष्मणगंगा गर्जत असते. खेचरं येताना दिसली की डोंगराच्या बाजूला सरा, दरीच्या बाजूला कधीच नको. गोविंदघाटात काठी मिळते, ती घ्या. मी पहिल्यांदा लाजले होते. उतरताना गुडघ्यांनी लाज काढली. जेवण सगळं शाकाहारी. तांबडा-पांढरा डोळ्यांपुढं येतो, पण राजमा-भातही उतरतो खाली. बरोबर भडंग आणि कांदा-लसूण चटणी न्या. चटणीनं तिथल्या स्वयंपाक्याशी ओळख होते, मग तो पहिला गरम फुलका आपल्याला देतो.

घांगरिया दहा हजार फूट, आपला पन्हाळा तीन हजारांच्या आसपास. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं. म्हणून आधी दरी, दुसऱ्या दिवशी हेमकुंड, उलटं नको. हेमकुंड चौदा हजार फुटांच्या वर आहे आणि तिथं रात्री राहू देत नाहीत, दुपारीच खाली निघायचं.

दरीच्या फाटकावर सकाळी सातला हजर राहा. दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि पाचच्या आत बाहेर यायचं असतं. आत खेचर नाही, चहा नाही, संडास नाही. पुष्पावतीवरचा पूल ओलांडला की दमवणारा चढ, भूर्जाची झाडं, सालींचे पापुद्रे सुटलेली. आणि मग दरी उघडते.

पहिल्यांदा मला ओळखू आला तो तेरडा. गौरीला आपण जो आणतो त्याचाच हिमालयातला भाऊ, पण छातीएवढा उंच, सगळा उतार गुलाबी. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं तर आपल्या तेरड्यासारखीच फट्कन फुटली. पुढं सापाच्या फण्यासारखं फूल दिसलं. आपल्याकडं पावसाच्या सुरुवातीला सापकांदा येतो, त्याच्याच कुळातलं. निळी खसखस मात्र आपल्याकडं नाही. ती खडकांच्या आडोशाला असते, पाकळी जुन्या जॉर्जेटसारखी, काटेरी देठावर. तिच्यासाठी सावकाश चाला. पण वाट सोडू नका. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ या दरीत उतरला आणि जगाला ही जागा कळली. आठ वर्षांनी, १९३९ मध्ये, जोन मार्गारेट लेग ही ब्रिटिश वनस्पती-अभ्यासक इथं फुलं गोळा करताना घसरून पडली आणि वारली. तिची कबर दरीतच आहे, बहिणीनं दगड बसवलाय. तिथं थांबून मी माझ्या बुटांचे तळवे बघितले होते. झिजलेल्या तळव्यानं इथं येऊ नये.

हेमकुंडच्या वाटेवर ऑगस्टमध्ये ब्रह्मकमळ दिसतं. आपल्या गॅलरीत कुंडीतलं जे रात्री अकराला फुलतं आणि ज्याच्यासाठी शेजारणी हळद-कुंकू घेऊन येतात, तो निवडुंग आहे, अमेरिकेच्या बाजूचा. खरं ब्रह्मकमळ खडकातून हातभर वर येतं, दिवसा फुललेलं असतं, आणि त्याच्या पाकळ्या वाटतात त्या कागदासारखी फिकट पानं असतात. आत जांभळट गोंडे लपलेले. तोडायचं नाही. हे मी शेजारणींना अजून सांगितलेलं नाही, त्यांचा उत्साह जाईल.

घरी आल्यावर सगळ्यात आधी, अंघोळीच्याही आधी, तंबू आणि रेनकोट पिशवीतून काढा. ओली घडी दोन दिवस राहिली की काळे ठिपके पडतात, ते जात नाहीत, आणि शिवणीवरची पट्टी सुटते. ऑगस्टात कोल्हापुरात ऊन शोधू नका. मी दुकानातच दोन मशिनींवर तंबू पसरते आणि पंखा सोडते. गौरी-गणपतीच्या तोंडावर ते दोन दिवस कुणाचा ब्लाउज मिळणार नाही, आताच सांगून ठेवते.